घरमालकाचा हक्क आणि भाडेकरूचे छप्पर



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी गावातल्या लोकांनी एकत्र बसून चार विचार ऐकावेत, ही आपल्याकडची चांगली रीत झाली आहे. या व्यासपीठावर साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान असे विषय शोभून दिसतात. मी मात्र आज घरभाड्यावर बोलणार आहे. विषय रुक्ष आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु या मंडपात बसलेल्यांपैकी बहुतेकजण कोणाचे तरी घरमालक असतील, नाहीतर कोणाचे तरी भाडेकरू असतील. आणि यांपैकी काहीच नसतील, त्यांनी निदान लहानपणी तरी भाड्याच्या खोलीत दिवस काढले असतील. तेव्हा हा विषय कोणालाच परका नाही.

आपल्या गावाविषयी एक जुने वाक्य आहे : ‘बनी तो बनी, नहीं तो परभनी.’ ते वाक्य कोणी आणि का उच्चारले याविषयी निरनिराळ्या कथा सांगतात, आणि प्रत्येकजण आपलीच कथा खरी असे शपथेवर सांगतो. मी वकील असल्यामुळे पुराव्यावाचून काही बोलत नाही. परंतु ज्याने ते वाक्य प्रथम उच्चारले तो भाडेकरू असला पाहिजे, एवढे अनुमान करायला हरकत नाही. स्वतःचे घर असलेला माणूस असे बोलत नाही. हे जिल्ह्याचे ठिकाण आहे, मनमाड-सिकंदराबाद मार्गावरचे जंक्शन आहे. येथे बदलीने येणारे कारकून, मास्तर, तलाठी, रेल्वेचे नोकर, आणि १९७२ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यापासून गावोगावचे विद्यार्थी, या सर्वांनी प्रथम एकच प्रश्न विचारलेला आहे : ‘खोली कोठे मिळेल?’

घरमालकाच्या बाजूने आपल्या भाषेत एक म्हण आहे. भटाला दिली ओसरी आणि भट हातपाय पसरी. भाडेकरूच्या बाजूनेही एक म्हण आहे : घर पहावे बांधून. ज्याला बांधणे जमत नाही त्याने करावे काय, याचे उत्तर त्या म्हणीत नाही. या दोन म्हणींच्या मधल्या जागेत घरभाड्याचा सगळा कायदा उभा आहे. त्याने कोणाला काय दिले आणि कोणाकडून काय घेतले, एवढाच हिशेब आज आपल्यापुढे मांडावा, असा माझा विचार आहे.

हा कायदा लढाईच्या पोटी जन्माला आला. पहिल्या महायुद्धात ग्लासगो शहरात दारूगोळ्याच्या कारखान्यांसाठी मजूर लोटले, घरमालकांनी भाडी वाढविली, आणि मेरी बार्बर यांच्यासारख्या घरच्या बायकांनी पुढे होऊन भाडे देण्याचे नाकारले. तेव्हा १९१५ साली ब्रिटिश पार्लमेंटला भाडी गोठविण्याचा कायदा करावा लागला. त्याच धर्तीवर १९१८ साली मुंबई इलाख्यात पहिला भाडेनियंत्रण कायदा झाला. पुढे दुसरे महायुद्ध आले, पाठोपाठ फाळणी आली, निर्वासितांचे लोंढे आले. आणि १९४७ साली मुंबईचा तो प्रसिद्ध कायदा झाला, ज्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाण भाडे म्हणून ठरविले. विदर्भाला १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा भाडेनियंत्रण आदेश लागू होता. आपण तेव्हा हैदराबाद राज्यात होतो. म्हणून आपल्याला १९५४ चा हैदराबाद घरभाडे नियंत्रण कायदा मिळाला.

एक गमतीची गोष्ट सांगतो. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, शाळेची पुस्तके बदलली, मोटारींच्या पाट्या बदलल्या. परंतु घरभाड्याच्या बाबतीत परभणीचा माणूस ३१ मार्च २००० पर्यंत हैदराबादच्या कायद्याखालीच रहात होता. त्या दिवशी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला आणि एका राज्यातले तीन कायदे जाऊन एक कायदा झाला.

त्या हैदराबादच्या कायद्याचे माझ्या घरावर उपकार आहेत, ते प्रथम सांगितले पाहिजेत. माझे वडील १९५७ साली शिक्षक म्हणून बदलीने येथे आले. एका जुन्या वाड्यात दोन खोल्या, महिना बारा रुपये. दुसऱ्याच वर्षी मालकांना वीस रुपये देणारा कोणी साहेब भेटला आणि त्यांनी आम्हाला आठ दिवसांत बाहेर पडावयास सांगितले. पावसाळा तोंडावर होता, आई बाळंतीण होती. वडिलांनी भीत भीत भाडे नियंत्रकाकडे अर्ज केला. नियंत्रकाने वाजवी भाडे ठरवून दिले, ते दरमहा पोहोचते करण्याची अट घातली, आणि आम्ही तेथेच राहिलो. पुढे मी त्याच खोलीत कंदिलाच्या उजेडात अभ्यास करून मॅट्रिक झालो. एका साध्या कागदाने एका मास्तराच्या मुलाबाळांच्या डोक्यावरचे छप्पर राखले. तेव्हा भाडेनियंत्रण म्हणजे निव्वळ लुबाडणूक आहे, असे जे कोणी म्हणतात, त्यांच्याशी मी सहमत होऊ शकत नाही. ज्याची गरज आजची आहे आणि ज्याला उद्यावर टाकता येत नाही, अशा माणसाशी सौदा करताना समोरचा माणूस बळी असतो. तेथे कायद्याने मधे पडणे योग्यच होय.

परंतु त्या कायद्याने दोन निरनिराळी वचने एकाच वाक्यात दिली होती, आणि ती वेगळी करून पाहिल्यावाचून हा प्रश्न सुटत नाही. पहिले वचन असे : तू भाडे देत आहेस आणि घर नीट ठेवीत आहेस तोवर तुला कोणी लहरीखातर बाहेर काढणार नाही. दुसरे वचन असे : तुझे भाडेही सहसा वाढणार नाही. पहिले वचन छपराचे आहे, दुसरे किमतीचे. पहिल्या वचनाला काळाचे भय नाही. दुसरे वचन मात्र पहिल्या वर्षी न्यायाचे असते, दहाव्या वर्षी सवलतीचे होते आणि चाळिसाव्या वर्षी अन्यायाचे होते. आणि त्यातला एक शब्दही बदललेला नसतो.

हे मी माझ्या पदरचे सांगत नाही. मुंबईतील घरमालकांच्या एका खटल्यात, मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये हेच सांगितले. १९४० च्या पातळीवर भाडी गोठविणाऱ्या तरतुदी केल्या तेव्हा वैध होत्या. परंतु काळ लोटल्यामुळे त्या मनमानीच्या झाल्या आहेत आणि समानतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरतात, असा त्या निकालाचा आशय आहे. कायद्याची मुदत थोड्याच महिन्यांत संपणार होती, म्हणून न्यायालयाने तो लागलाच रद्द केला नाही. पण काळाने कायदा म्हातारा होतो, ही गोष्ट देशातल्या सर्वोच्च न्यायासनाने मान्य केली.

मग १९९९ च्या कायद्याने काय केले? १ ऑक्टोबर १९८७ रोजी जे भाडे होते त्यात पाच टक्के वाढ देऊन ते प्रमाण भाडे धरले, आणि पुढे दरसाल चार टक्के वाढीची मुभा मालकाला दिली. ऐकावयास बरे वाटते. आता आपण हिशेब करू. समजा, जुन्या वाड्यातील एका बिऱ्हाडाचे १९८७ साली साठ रुपये भाडे होते. पाच टक्के धरून त्रेसष्ट झाले. त्यावर २००० पासून २०२४ पर्यंत चार टक्के, आणि तेही चक्रवाढीने धरले, तरी रक्कम एकशेसाठ रुपयांच्या आसपास येते. एवढ्यात सिमेंटचे एक पोते येत नाही. कायद्याने मालकावर घर दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे, आणि ती पार पाडण्यासाठी महिना एकशेसाठ रुपये त्याच्या हातावर ठेवले आहेत.

आपल्याकडे हे फार लवकर दिसून येते, कारण आपली जुनी घरे माळवदाची. दगड-मातीची रुंद भिंत, लाकडी सरे, त्यावर माती. दर उन्हाळ्याच्या शेवटी माळवदावर नवी पांढरी माती टाकून ती बसविली नाही, तर मृगाचा पाऊस थेट बिऱ्हाडात उतरतो. मालक म्हणतो, मिळणाऱ्या भाड्यात मातीची गाडीसुद्धा येत नाही. भाडेकरू म्हणतो, घर माझे नाही, मी का खर्च करू? कोणाचेच म्हणणे खोटे नसते; आणि भिंत मात्र दोघांची वाट पहात नाही. मुंबईत हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर झाला, चाळी कोसळून माणसे मेली, तेव्हा १९६९ साली कायदा करून इमारत दुरुस्ती मंडळ नेमावे लागले. उपकर बसवून सुमारे १९,६०० जुन्या इमारती त्या मंडळाच्या गळ्यात पडल्या. ते मंडळ मुंबई शहरापुरते आहे. परभणीच्या, सेलूच्या, मानवतच्या किंवा गंगाखेडच्या माळवदाला असे कोणतेही मंडळ नाही. आपली घरे पडतात तेव्हा निमूटपणे पडतात.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत, कारण त्यांच्यामुळे आपल्या जिल्ह्यात पुष्कळ घरे कुलूपबंद आहेत. पहिला गैरसमज कुळकायद्याचा. हैदराबादच्या १९५० च्या कुळकायद्याने कसणाऱ्याला संरक्षण मिळाले आणि पुढे पुष्कळ कुळे जमिनीची मालक झाली, हे आपण डोळ्यांनी पाहिले. त्यावरून लोकांच्या मनात असे बसले की, घराचा भाडेकरूही पुढेमागे मालक होतो. हे खरे नाही. शेतात कुळाचा घाम मिसळतो आणि त्यातून पीक निघते. घरात राहण्याने घराची झीजच होते. म्हणूनच दोन्ही कायद्यांचे उद्देश वेगळे आहेत. भाडे कायद्याने छप्पर राखले जाते, मालकी बदलत नाही. दुसरा गैरसमज बारा वर्षांचा. बारा वर्षे एका जागी राहिला की घर त्याचे, असे चहाच्या दुकानात बसून छातीठोकपणे सांगणारे कायदेपंडित प्रत्येक गावात असतात. वस्तुतः भाडेकरू मालकाच्या परवानगीने रहात असतो. त्याचा ताबा मालकाच्या विरोधात नसतो. म्हणून बारा काय आणि बावन्न काय, केवळ राहण्याने तो मालक होत नाही.

आता मालकीच्या हक्काविषयी. आपल्या राज्यघटनेने प्रारंभी संपत्तीचा हक्क मूलभूत हक्कांत ठेवला होता. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो तेथून काढला, आणि ३०० अ या कलमात, कायद्याच्या आधारावाचून कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, एवढे वचन शिल्लक ठेवले. मुंबईच्या जुन्या इमारतींच्या संबंधात राज्याने १९८६ साली अशी तरतूद केली की, सत्तर टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केल्यास, मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम मालकाला देऊन इमारत घेता यावी. भाडे जर गोठलेले, तर त्याची शंभरपट ती काय? त्यावरून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये बहुमताने असे ठरविले की, प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती आहे, असे सरसकट म्हणता येणार नाही. समाजाच्या हिताला त्यात जागा आहे. परंतु माणसाचे घर आणि गावची विहीर या दोन गोष्टी एकच नव्हेत, एवढा विवेक त्या निकालाने शिकविला.

हे सर्व झाले कायद्याचे. आता मला एक गोष्ट सांगावयाची आहे. ती सांगावी की न सांगावी, याचा मी बरेच दिवस विचार केला.

२००१ साली एका विधवा बाईंनी आपल्या भाडेकरूवर दावा लावला. वाड्याच्या पुढच्या भागात ढाळजेला लागून चार खोल्या होत्या. त्या एका निवृत्त कारकुनाकडे कितीतरी वर्षांपासून भाड्याने होत्या. बाई मागच्या एका खोलीत रहात. त्यांच्या मुलाची परगावची नोकरी सुटली आणि तो बायकामुलांसह परत आला. बाईंनी चारही खोल्या मागितल्या नाहीत. दोन द्या, दोनांत तुम्ही रहा, एवढीच त्यांची मागणी होती. कायद्यातही अशी सोय आहे. मालकाची गरज खरी असेल, तर न्यायालयाने दोन्ही पक्षांच्या हालअपेष्टा तोलून पहावयाच्या आणि भागत असेल तर काही भागापुरताच हुकूमनामा द्यावयाचा. इतका शहाणपणाचा नियम कायद्याच्या पुस्तकांत फारसा आढळत नाही.

मी भाडेकरूचा वकील होतो. मी सांगितले, बाईंची गरज हा बहाणा आहे. मी तारखा घेतल्या. साक्षीदार आजारी पडले, कागद सापडेनात, आणि वर्षे गेली. मी खोटे बोललो असे नव्हे. पण जे जे कायद्याने लांबविता येते ते ते मी लांबविले, आणि त्याला त्या वेळी मी कौशल्य समजत होतो. सात वर्षांनी दावा फेटाळला गेला. पक्षकाराने पेढे दिले. बाईंनी अपील केले. ते चालू असतानाच एका श्रावणात रात्रभर झड लागली आणि वाड्याची पुढची भिंत आत कोसळली. सुदैवाने सर्वजण मागच्या बाजूला निजले होते, म्हणून जीव वाचले. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेची नोटीस आली : घर धोकादायक, तात्काळ रिकामे करावे. मालकीणबाई आणि भाडेकरू एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, आपापल्या ट्रंका घेऊन उभे राहिले. त्या वाड्याचे भाडे महिना ऐंशी-नव्वद रुपये होते. मालक दुरुस्ती करीत नसेल, तर नोटीस देऊन भाडेकरूने ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, असे कायदा म्हणतो. पण वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपर्यंतच. म्हणजे दोन-अडीचशे रुपये. त्यात ती भिंत राहिली असती का?

बाई मला त्यानंतर एकदा बाजारात भेटल्या. त्या काही रागाने बोलल्या नाहीत. ‘वकीलसाहेब, दोनच खोल्या मागितल्या होत्या हो,’ एवढेच म्हणाल्या. माझ्या वडिलांना ज्या कायद्याने छप्पर दिले, त्याच जातीच्या कायद्याचा आधार घेऊन मी त्या दिवशी दोन कुटुंबांचे छप्पर घालविले होते. म्हणून हा विषय मी आज निवडला.

आता लंबक दुसऱ्या टोकाला गेला आहे, हेही पाहिले पाहिजे. घरमालक शहाणा झाला. तो आता घर भाड्याने देतच नाही. तो अनुज्ञप्ती देतो, म्हणजे लीव्ह अँड लायसन्स, बहुधा अकरा महिन्यांची. मुदत संपली की राहणाराने निघावे. न निघाल्यास दुपटीने नुकसानभरपाई. भाडे किती घ्यावे, अनामत किती घ्यावी, याला बाजाराशिवाय दुसरा धनी नाही. परिणाम असा की, एकाच गल्लीत दोन प्रकारचे नागरिक राहतात. एकजण जुना म्हणून एकशेसाठ रुपये देतो आणि त्याला कोणी हलवू शकत नाही. त्याच्या शेजारी कालपरवा बदलून आलेली परिचारिका काही हजार रुपये देते आणि दर अकराव्या महिन्याला सामान बांधण्याची धास्ती बाळगते. दोघांच्या गरजेत काही फरक आहे काय? फरक फक्त घरात शिरण्याच्या तारखेचा आहे.

आणि तिसरा माणूस तर अजून दाराबाहेरच उभा आहे. आडनाव विचारून ज्याला ‘खोली आत्ताच गेली’ असे सांगितले जाते तो. एकटी राहणारी बाई. दुसऱ्या धर्माचा कारकून. भाडे कायदा आत शिरलेल्याचे रक्षण करतो. उंबऱ्याबाहेरच्याला तो काही देत नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशातील शहरांत एक कोटी दहा लाखांवर घरे रिकामी आढळली. कुलपांची सगळीच कारणे कायद्यात नाहीत, हे उघड आहे. पण एकदा दिलेली ओसरी परत मिळेल की नाही या भीतीने लावलेली कुलुपे त्यात खचित आहेत.

तर मग करावे काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे वर सांगितलेली दोन वचने वेगळी करावीत. छपराचे वचन सर्वांना सारखे असावे. जुना असो, नवा असो, भाडे देणाऱ्याला योग्य कारणावाचून आणि पुरेशा मुदतीवाचून कोणी काढू नये. किमतीने मात्र काळाबरोबर चालावे. घराची डागडुजी होऊन मालकाला वाजवी काही उरावे, इतके भाडे असावे. आणि ज्या वृद्धाला, ज्या विधवेला ते झेपणार नाही, तिची उणीव सरकारी तिजोरीने भरून काढावी. गरिबाला आसरा देणे हे सर्व समाजाचे कर्तव्य आहे. त्याचे बिल एकट्या घरमालकाच्या नावावर फाडणे बरोबर नव्हे, कारण पुष्कळ वेळा तो घरमालक म्हणजे मागच्या खोलीत राहणारी दुसरी विधवाच असते.

हे कायदेमंडळाचे काम झाले. केंद्राने २०२१ साली एक नमुना भाडेकरार कायदा तयार केला. पण हा विषय राज्यांच्या हातातला आहे. आपल्या हातात जे आहे ते आजच करता येते. करार लेखी करा आणि नोंदवा. १९९९ च्या कायद्याने ते सक्तीचे केले आहे, आणि नोंदविण्याची जबाबदारी मालकाची आहे. भाड्याची पावती द्या आणि घ्या. भांडण झाले म्हणून नळ किंवा वीज तोडू नका. तो गुन्हा आहे. भाडेकरूंनी घराला परके समजू नये. आपण नसतानाही ते उभे राहिले पाहिजे. आणि जेथे दोन खोल्यांत भागते तेथे चार खोल्यांचा खटला लढू नका, आपल्या वकिलाने कितीही उत्तेजन दिले तरी.

तो वाडा आता नाही. तेथे तीन मजली इमारत झाली आहे, खाली दुकाने आहेत. त्या रस्त्याने जाताना मी अजूनही पलीकडच्या बाजूने जातो.